मस्टँग जीटीचा एक्झॉस्ट बदलताना: सुरुवात मागच्या टोकाकडून

ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर मसल कार (दणकट व्ही-८ इंजिनाची अमेरिकन गाडी) म्हणजे बहुतेक वेळा २०१६ पासून भारतात अधिकृतपणे विकली गेलेली फोर्ड मस्टँग जीटी. ५.० लिटरचं व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, उजवीकडे स्टिअरिंग. तिच्यासाठी बाजारात मिळणारे एक्झॉस्टचे बहुतेक भाग मात्र डाव्या स्टिअरिंगच्या, मोकळ्या हायवेवर धावणाऱ्या अमेरिकन गाडीचा विचार करून बनलेले असतात. आपली गाडी पोडियम पार्किंगमध्ये उभी राहते, घोडबंदर रोडच्या स्पीडब्रेकरवर पोट घासते आणि चार महिने पावसात भिजते. भाग निवडताना हा फरक डोक्यात ठेवला तर निम्म्या चुका टळतात.

नव्या माणसाला आमचा सल्ला एकच आहे: बदल मागच्या टोकाकडून सुरू करा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, पुढे नुसतं ‘कॅट’) पोचायच्या आत थांबा.

गाडीखाली काय काय आहे

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर. प्रत्येक बाजूचा धूर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे चार नळ्यांची एक करणाऱ्या जोडणीत, जमतो आणि लगेच कॅटमध्ये शिरतो. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन्ही बाजूंचे मिळून चार ऑक्सिजन सेन्सर. तिथून दोन पाइप मागे येतात, गाडीच्या मध्यावर रेझोनेटरच्या (आवाज आणि घुमणं कमी करणाऱ्या) डब्यात एकमेकांना भेटतात, पुन्हा वेगळे होऊन मागच्या ॲक्सलवरून जातात आणि बंपरच्या दोन कोपऱ्यांतल्या सायलेन्सरमध्ये संपतात.

फक्त मागचे दोन सायलेन्सर आणि टिप (बंपरमधून दिसणारी शेवटची तोंडं) बदलल्या तर तो ‘ॲक्सल-बॅक’. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर ‘कॅट-बॅक’. मधला रेझोनेटरचा तुकडा काढून तिथे वेगळी जोडणी बसवली तर ‘मिड-पाइप’. मॅनिफोल्डच्या जागी लांब नळ्या बसवल्या तर ‘हेडर’. किंमत, मजुरी आणि धोका ॲक्सल-बॅकमध्ये सर्वांत कमी, हेडरमध्ये सर्वांत जास्त.

हेडरचा विषय इथेच संपवू. लाँग-ट्यूब हेडरमध्ये कॅटची जागा मागे सरकते किंवा कॅटच निघून जातो, इंजिनाचं ट्यूनिंग नव्याने करावं लागतं, सेन्सरच्या वायरी वाढवाव्या लागतात. त्यात डाव्या स्टिअरिंगसाठी घडवलेला हेडर आपल्या गाडीत उजव्या बाजूला स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा येतो. ‘गरम करून थोडा वाकवून देतो’ असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. तापलेला पाइप स्टिअरिंगच्या सांध्याला खेटून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. ऑस्ट्रेलियासारख्या उजव्या स्टिअरिंगच्या देशांसाठी बनवलेले हेडर मिळतात, पण कॅट आणि पीयूसीचा प्रश्न त्यांनीही सुटत नाही.

पैसे देण्याआधी कायदा

वाहन बदलाबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ स्पष्ट केला आहे: उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-ए(४) नुसार दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराची मानकं मोडली तर कलम १९०(२): पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. बटण दाबलं की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर सोडणारा ‘कट-आउट’ तर कलम १९४-एफ मध्ये नाव घेऊन गुन्हा ठरवलेला आहे. तो विकत घेऊच नका. ‘बटण बंद असताना चालतं’ हे विक्रेत्याचं म्हणणं आहे, कायद्याचं नाही.

आवाज जितका मूळ पातळीजवळ, कॅट जितका जागच्या जागी आणि मूळ भाग परत बसवणं जितकं सोपं, तितके तुम्ही सुरक्षित. ‘रस्त्यासाठी कायदेशीर’ असा अमेरिकन शिक्का खोक्यावर असला तरी एमएच-०४ किंवा एमएच-४३ च्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

आवाज किती आणि कसा

आधी मूळ गाडीचा आवाज मोजून ठेवा. गाडी मोकळ्या जागी उभी करा, आसपास तीन मीटरपर्यंत भिंत नको. फोन टिपच्या उंचीवर, टिपपासून ५० सेमी लांब आणि ४५ अंशांच्या कोनात धरा. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला, २,००० आरपीएमला आणि ३,७५० आरपीएमला आकडे लिहून घ्या. फोनचं ॲप प्रमाणित नसतं, पण त्याच फोनने त्याच जागी घेतलेल्या दोन मोजण्यांमधला फरक कामाचा असतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज वेगळा नोंदवा. कॅट लवकर तापावा म्हणून सुरुवातीला इंजिन मुद्दाम वाढलेल्या आरपीएमवर चालतं. पहाटे साडेपाचला, काँक्रीटच्या छताखाली, दोन्ही बाजूंना भिंती असताना हाच आवाज वरच्या मजल्यांवर पोचतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. सोसायटीतल्या तक्रारी हायवेवरच्या आवाजावरून क्वचितच येतात, त्या या पहिल्या मिनिटावरून येतात. म्हणून निवड करताना यूट्यूबवरचे रेस देतानाचे व्हिडिओ सोडा आणि ‘कोल्ड स्टार्ट’चे शोधा.

आता सायलेन्सरचे प्रकार. कप्पे असलेल्या सायलेन्सरमध्ये आतल्या पत्र्यांवर आवाज आपटून परततो. फ्लोमास्टर कंपनीची ४० सिरीज या प्रकारातली. आवाज जाड, खडखडीत, जुन्या अमेरिकन गाड्यांसारखा, पण केबिनमध्ये घुमण्याचा धोका जास्त. दुसरा प्रकार सरळ आरपार नळीचा: भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती तंतूंचं भरण. मॅग्नाफ्लो आणि बोर्ला या कंपन्यांचा भर यावर आहे. आवाज गोल आणि स्वच्छ, अडथळा कमी. एकाच कंपनीत पायऱ्याही असतात. बोर्लामध्ये टुरिंग सर्वांत शांत, मग एस-टाइप, मग अटॅक. मॅग्नाफ्लोमध्ये स्ट्रीट मालिका कॉम्पिटिशनपेक्षा शांत. इमारतीत राहणाऱ्याने कंपनीच्या सर्वांत शांत पायरीपासूनच सुरुवात करावी. ती ऐकून निराश होणारे थोडे. सर्वांत मोठ्या पायरीवर उडी मारून सहा महिन्यांत विकायला काढणारे भरपूर.

‘घुमणं’ समजून घ्या, कारण पैसे वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण तेच. व्ही-८ मध्ये क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) एका फेरीत चार स्फोट होतात. १,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झ. बंद केबिनमध्ये ही खालची पट्टी कानात आणि छातीत दाबल्यासारखी बसते, गाणी लावली तरी झाकली जात नाही. ऑटोमॅटिक गाडी सहाव्या गिअरमध्ये हायवेच्या वेगाला नेमकी याच पट्ट्यात रेंगाळते. यावरचा उपाय मुख्य पाइपला जोडलेली, दुसरं टोक बंद असलेली आडनळी. तिच्यात शिरलेला आवाज उलटा होऊन परततो आणि त्या एका पट्टीला मारतो. तिची लांबी म्हणजे तापलेल्या धुरातला ध्वनीचा वेग भागिले वारंवारितेची चौपट. वेग सेकंदाला ४७० मीटरच्या आसपास धरला तर १२० हर्ट्झसाठी साधारण ९८ सेमी लागते. कोर्सा कंपनीच्या सायलेन्सरचं तंत्र याच तत्त्वावर चालतं. आधीच गोंगाट करणारा सेट घेऊन नंतर आडनळी जोडण्यापेक्षा, मूळ रेझोनेटर जागेवर ठेवून फक्त ॲक्सल-बॅक बदलणं स्वस्त आणि खात्रीचं.

रेझोनेटर काढून त्या जागी ‘एच’ आकाराची जोडणी की ‘एक्स’ आकाराची, हा वाद तुम्हाला सगळीकडे भेटेल. या इंजिनाच्या क्रॉस-प्लेन (समोरून अधिक-चिन्हासारख्या दिसणाऱ्या) क्रँकमुळे एका बाजूच्या चार सिलिंडरचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. अंतरं ९०, १८०, २७० आणि १८० अंशांची पडतात. हा असमान ठेका म्हणजेच त्या गडगडाटाचं मूळ. ‘एच’ जोडणीत दोन पाइपमध्ये फक्त छोटा पूल असतो, ठेका शाबूत राहतो, आवाज खोल येतो. ‘एक्स’ मध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात, ठेका सपाट होतो आणि वरच्या आरपीएमला आवाज तीक्ष्ण होतो. ज्याला गडगडाट हवा त्याने ‘एक्स’ घेऊ नये, इतकं सोपं आहे. आणि रेझोनेटर काढायचाच असेल तर शांत सायलेन्सर ठेवूनच काढा, दोन्ही एकदम नको.

ताकदीचं म्हणाल तर ॲक्सल-बॅकने मोजण्यासारखी वाढ होत नाही. ‘थोडं बॅक-प्रेशर (धुराला मागे ढकलणारा दाब) लागतंच’ हेही चुकीचं आहे. लागतो तो धुराचा योग्य वेग, आणि तो पाइपच्या व्यासावर ठरतो. चारशे अश्वशक्तीच्या आसपास अडीच इंची व्यासाचे दोन पाइप पुरतात. तीन इंचीने आवाज भरघोस होतो आणि घुमणंही वाढतं.

मोजमाप

कॅटलॉगवर विसंबू नका, गाडी लिफ्टवर घ्या. कापडी टेपने पाइपचा परीघ मोजा: सुमारे २०० मिमी आला तर अडीच इंची, २४० मिमी आला तर तीन इंची. जोड कुठे आहे, तो क्लॅम्पचा आहे की वेल्डचा, याचा फोटो काढा. ज्या किटसाठी मूळ पाइप कापावा लागतो ते शक्यतो नकोच. मूळ सायलेन्सर अखंड परत बसवता आला पाहिजे.

मागच्या बंपरची खालची पट्टीही बघा. २०१५ ते २०१७ च्या घडणीत प्रत्येक बाजूला एक टिप असते. २०१८ नंतरच्या जीटीची चार टिपांची पट्टी वेगळी आहे. नव्या मॉडेलचा सेट जुन्या पट्टीत बसत नाही आणि पट्टी वेगळी मागवायला लागली की हिशोब बिघडतो. टिप आणि प्लॅस्टिकमध्ये चहूबाजूंनी किमान १२ मिमी मोकळी जागा हवी. टिप पट्टीच्या आत राहिली तर रंग पिवळा पडून प्लॅस्टिक मऊ होतं.

टाकी भरून, चार माणसं बसवून जमीन ते सर्वांत खालचा पाइप हे अंतर मोजा. नवा मिड-पाइप मूळ पाइपपेक्षा १५ मिमी जरी खाली आला तरी सोसायटीच्या रॅम्पच्या तोंडाशी घासेल.

धातू, आणि इथे बनवून घ्यायचं असेल तर

खाडीकाठची हवा खारट आहे, पावसाळा लांब आहे. ४०९ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण ११ टक्के क्रोमियम असतं. ते टिकतं, पण वरून लालसर गंजतं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. आपल्याकडे ३०४ च घ्या. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं साधं स्टील वेल्डजवळ मुलामा जळाला की तिथूनच सडतं.

इथे पाइप खरेदी करताना एक फसवणूक नेहमीची आहे: ३०४ सांगून २०२ देणं. चुंबक लावून काही कळत नाही, कारण दोन्हीला चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, गंज लवकर धरतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल घेत असाल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (धातू वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) पाइपवरच्या छापाशी जुळवा. मँगनीज तपासणारं थेंबाचं किटही मिळतं, पाच मिनिटांचं काम आहे. जाडी १.५ मिमी हवी. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपला हात लावू नका. वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि कारागीर तापाने आजारी पडतो.

वाकवलेला पाइप मँड्रेलवर (आतून आधार देणाऱ्या ठोकळ्यावर) वाकवलेला असावा, म्हणजे वळणावरही व्यास कायम राहतो. दाबून वाकवलेल्या पाइपच्या आतल्या बाजूला चुण्या पडतात आणि धुराची वाट अरुंद होते.

वेल्डिंगसाठी गाड्यांच्या गॅरेजपेक्षा टीटीसी किंवा तळोजा एमआयडीसीत औषध-रसायन कारखान्यांच्या पाइपलाइन जोडणारा टिग (आर्गन वायूच्या आवरणात होणारं वेल्डिंग) वेल्डर बरा. त्याला आर्गन पाइपच्या आतूनही सोडायची सवय असते. ती का हवी हे बघायचं तर वेल्ड झालेला तुकडा उजेडाकडे धरून आत डोकवा. आर्गन सोडलेला असेल तर आतली रेघ गुळगुळीत आणि सोनेरी-निळी दिसते. नसेल तर ती काळी, खडबडीत, करपलेल्या साखरेसारखी फुगलेली असते. तिथे धातूचं क्रोमियम जळून गेलेलं असतं आणि पहिला तडा तिथूनच जातो. ३०४ ला ३०४ जोडताना फिलर (वेल्डमध्ये भरायची तार) ३०८एल, ३०४ ला साध्या स्टीलशी किंवा ४०९ शी जोडताना ३०९एल.

सायलेन्सर मात्र इथे घडवून घेऊ नका. घरबांधणीतली काचलोकर भरलेले डबे काही महिन्यांत रिकामे होतात, लोकर टिपमधून उडून जाते आणि आवाज मूळच्या दुप्पट होतो. सायलेन्सर नावाजलेल्या कंपनीचे, जोडपाइप इथला, हा मेळ चांगला जमतो.

परदेशातून मागवताना वजनापेक्षा आकारमान महाग पडतं. १५० × ५० × ४० सेमीच्या खोक्याचं आकारमानी वजन, ५,००० ने भागून, ६० किलो होतं, आत माल २५ किलोचा असला तरी. कस्टम ड्युटी माल, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर लागते. त्यामुळे दोन मोकळे सायलेन्सर मागवणं पूर्ण कॅट-बॅकपेक्षा कितीतरी स्वस्त.

बसवताना

१. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, निदान तीन तास. टू-पोस्ट लिफ्ट हवी. नुसत्या जॅकवर हे काम करू नका.

२. जोडांच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. हँगरची (पाइप टांगून ठेवणारी) रबरं काढायला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे वापरा. तेल-ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि फाटतं.

३. सायलेन्सर खालून दुसऱ्या माणसाने धरल्याशिवाय शेवटचं रबर काढू नका. पाइप लोंबकळला तर पुढच्या जोडावर ताण येतो.

४. नवे भाग सगळे सैल अडकवा. पाइप पाइपमध्ये किमान ४० ते ५० मिमी शिरला पाहिजे. आधी दोन्ही टिप समोरून, बाजूने आणि खालून जुळवा, मग पुढून मागे घट्ट करत जा.

५. यू-बोल्टचे क्लॅम्प वापरू नका. ते पाइप चिरडतात आणि पुढे तो जोड सुटत नाही. रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प घ्या, किटच्या कागदावर दिलेल्या टॉर्कलाच आवळा. बोल्टचं टोक खाली लोंबू देऊ नका, आडवं किंवा वर ठेवा. स्पीडब्रेकर आधी त्याच टोकाला लागतो.

६. ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि मागचे ड्राइव्हशाफ्ट यांच्यापासून २५ मिमी अंतर तपासा, चाकं लोंबलेली असताना एकदा आणि गाडी जमिनीवर असताना पुन्हा. दोन मीटरचा स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे १० मिमी लांब होतो. हँगरला तेवढं सरकायला जागा हवी, नाहीतर तापल्यावर टिप बंपरला टेकते आणि खडखड सुरू होते.

७. पहिल्यांदा सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं धूर येईल. पाइपवरचं तेल जळत असतं. हे काम उघड्यावरच करा, बेसमेंटमध्ये नाही.

नंतरची तपासणी

थंड इंजिन सुरू करून प्रत्येक जोडाजवळ हात न लावता कान द्या. टिकटिक ऐकू आली किंवा दोन दिवसांनी काळा डाग दिसला तर तिथे गळती आहे. गळती कॅटच्या पुढच्या सेन्सरआधी असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि इंजिन विनाकारण जादा पेट्रोल ओततं. केबिनमध्ये धुराचा वास आला तर गाडी चालवणं तिथेच थांबवा, कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न आहे. स्कॅनरवर पी०४२० किंवा पी०४३० हा बिघाडाचा कोड आला तर तो कॅटबद्दल बोलतो. तुम्ही फक्त मागचे सायलेन्सर बदलले असतील तर आधी सेन्सरची वायर ताणली गेली आहे का ते पाहा.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळा. घुमणं तपासायला कळंबोलीहून एक्स्प्रेस-वेवर जा, ८० ते १०० च्या वेगात, काचा बंद, गाणी बंद, मागच्या सीटवर एक माणूस बसवून. मागे जास्त ऐकू येतं.

पीयूसी लगेच काढा, मुदतीची वाट पाहू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं, २,५०० च्या आसपासच्या आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत. कॅट शाबूत असेल तर आकडे आधीसारखेच येतील. कॅट काढलेली गाडी नेमकी इथेच अडकते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

पावसाळ्याआधी सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निघायचं छोटं भोक आहे का आणि ते मोकळं आहे का, बघा. छोट्या फेऱ्यांमध्ये आत साचलेलं पाणी तापून बाहेर पडत नाही. तुंबलेल्या रस्त्यात टिप बुडली आणि इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करू नका, टो-ट्रक बोलवा.

काढलेले मूळ सायलेन्सर धुऊन, कोरडे करून, तोंडं कापडाने बांधून उभे ठेवा. क्लॅम्प, नट आणि रबरं त्याच पिशवीत, गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून.